घर सजवताना खालचे तीन फूट विसरू नका

प्रति,
मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या आठवड्याच्या पुरवणीत गृहसजावटीविषयी येणारे लेख आमच्या घरी आवडीने वाचले जातात आणि त्यांतल्या काही सूचना आम्ही अमलातही आणल्या आहेत. मात्र गेले काही महिने एक गोष्ट खटकते आहे. या लेखांसोबतच्या छायाचित्रांतल्या घरांमध्ये लहान मूल राहत असल्याची एकही खूण दिसत नाही. बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या टीपॉयवर बोटांचे ठसे नसतात, पांढऱ्या गादीवर डाग नसतो, आणि 'मुलांची खोली' म्हणून जी दाखवली जाते, तिच्यातली खेळणी मुलाचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर उंचीच्या क्रमाने मांडलेली असतात. माझ्या घरी साडेचार वर्षांची मुलगी आणि पावणेदोन वर्षांचा मुलगा आहे. त्यांच्यासह घर रंगवण्याचा आणि लावण्याचा जो अनुभव नुकताच घेतला, त्याच्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, आपण घर सजवतो ते उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरून. चित्रदालनांत चौकटीचा मध्य जमिनीपासून साधारण 57 ते 60 इंचांवर ठेवण्याचा प्रघात आहे आणि घरोघरी नकळत तोच पाळला जातो. चार वर्षांच्या मुलाची एकूण उंचीच सुमारे 40 इंच आणि दोन वर्षांच्या मुलाची 34 इंचांच्या आसपास असते. म्हणजे आपण ज्याला घराची सजावट म्हणतो, ती त्यांच्या डोक्यावरून निघून जाते. त्यांच्या वाट्याला येतात ते भिंतीचे खालचे तीन फूट, ज्यांच्याकडे आपण फक्त पुसण्यापुरते पाहतो.

घर लावायला घेण्यापूर्वी मी एका संध्याकाळी गुडघे आणि तळहात टेकून सगळ्या खोल्यांमधून फिरलो. मुलांना तो खेळ वाटला, पत्नीला काळजी वाटली. पण त्या अर्ध्या तासात जे दिसले, ते आठ वर्षे त्याच घरात राहून दिसले नव्हते. जेवणाच्या टेबलाच्या खालच्या बाजूला प्लायवूडचे कच्चे, खरखरीत अंग होते आणि एका कोपऱ्यात स्टेपलरची पिन उलटी बाहेर आली होती. पलंगाच्या पायाशी असलेल्या प्लगपॉइंटमधून चार्जरची वायर बरोबर धाकट्याच्या हाताच्या उंचीवर लोंबत होती. खिडकीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पडद्याची दोरी गळफासासारखा वळसा घेऊन खाली आली होती आणि तिच्या शेजारीच आम्ही त्याचा छोटा पलंग ठेवला होता. त्याच रात्री पलंग हलवला आणि दोरी वर गुंडाळून खुंटीला बांधली. नंतर तो पडदाच काढून दोरीविना सरकणारा साधा कापडी पडदा लावला.

सजावटीच्या वस्तूंमधला धोका हा लेखांत क्वचितच येणारा विषय आहे, म्हणून त्याविषयी जरा विस्ताराने लिहितो. आम्ही हौसेने एक छोटा शोभेचा दिवा आणला होता. त्याच्या रिमोटमध्ये नाण्यासारखी चपटी बटण-बॅटरी होती आणि बॅटरीच्या कप्प्याला स्क्रू नव्हता, नुसती सरकती खाच होती. तिसऱ्या दिवशी धाकट्याच्या मुठीत चकाकणारे काहीतरी दिसले, म्हणून बोटे उघडली, तर ती बॅटरी निघाली. सुदैवाने तोंडात जाण्यापूर्वीच हाती लागली. अशी सुमारे 20 मिलिमीटर व्यासाची लिथियमची बॅटरी लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकली, तर ती नुसती अडकून राहत नाही. ओल्या ऊतींमधून वीज वाहू लागते, त्या जागी तीव्र, दाहक अल्कली तयार होते आणि दोन तासांच्या आत आतून गंभीर भाजते. मूल रडेल किंवा गुदमरेल अशी वाट पाहण्यात अर्थ नसतो. बॅटरी गिळल्याची नुसती शंका आली, तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते. शोभेच्या दिव्यांच्या माळा, वाजणारी शुभेच्छापत्रे, चकाकणाऱ्या बाहुल्या अशा अनेक वस्तूंत ही बॅटरी असते. आता आमच्या घरी नवी वस्तू आली की, तिच्या रंगरूपाआधी बॅटरीच्या झाकणाला स्क्रू आहे की नाही ते पाहिले जाते.

कपाटांचेही तसेच आहे. खणांचे उभे कपाट मोठ्यांना भक्कम वाटते. पण मूल खालचे खण ओढून त्यांची शिडी करते, उघड्या खणांमुळे वजन पुढे येते आणि मुलाचा भार पडताच सबंध कपाट अंगावर येऊ शकते. त्यावरचा उपाय अगदी स्वस्त आहे: भिंतीत भोक पाडून, प्लग बसवून, लोखंडी कोनाने कपाटाची पाठ भिंतीशी जखडून टाकायची. टेबलावर नुसत्या टेकवलेल्या टीव्हीलाही हाच न्याय लावावा. शिवाय मुलाला हवेसे वाटणारे खेळणे किंवा रिमोट कपाटाच्या माथ्यावर ठेवू नये, कारण तेच वर चढण्याचे आमंत्रण ठरते. आमच्याकडे सुताराने 'एवढ्या सुंदर भिंतीला भोके कशाला?' असे विचारले. त्याचे म्हणणे सजावटीच्या दृष्टीने बरोबर होते, तरी भोके पाडली.

आता रंगाकडे येतो. मुलीला रंग निवडू द्यायचा, असे आम्ही ठरवले होते. पण 'तुला कोणता रंग हवा?' असा मोकळा प्रश्न या वयात विचारू नये, हे पहिल्याच दिवशी कळले. सकाळी तिला गुलाबी हवा होता, दुपारी काळा आणि रात्री 'सगळे'. मग आम्ही आम्हाला चालतील अशा दोनच छटा घेतल्या, दोन्हींचे वीतभर चौकोन तिच्या डोळ्यांच्या उंचीवर भिंतीलाच लावले आणि दोन दिवस तसेच राहू दिले. दिवसाच्या उजेडात आणि रात्रीच्या दिव्यात एकच रंग वेगळा दिसतो, हे तिने आपणहून सांगितले, आणि शेवटी पिवळा निवडला. शेडकार्डावरच्या बोटभर पट्टीवरून हे साधले नसते.

पिवळ्या रंगाने मला मात्र थोडे वाचन करायला लावले. भडक पिवळा, नारिंगी आणि लाल या रंगांना तजेला देण्यासाठी शिशाचे क्रोमेट हे संयुग पूर्वीपासून वापरले गेले आहे. तेलरंग लवकर वाळावा यासाठीही शिशाची संयुगे घालत. घरांच्या आतून शिशाचा पांढरा रंग वापरण्यावर निर्बंध घालणारा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार 1921 सालचा आहे, म्हणजे हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. शिशाची अमुक एक पातळी मुलांच्या शरीराला सुरक्षित आहे असे म्हणता येत नाही, अशी जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका आहे. वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो आणि मोठ्यांपेक्षा लहान मुलांच्या शरीरात ते अधिक प्रमाणात शोषले जाते. रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत 90 भागांहून अधिक नसावे, ही मर्यादा संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने नमुना कायद्यात सुचवली आहे. तेव्हा डब्यावर हा उल्लेख आहे का, ते वाचूनच घ्यावे.

पण नव्या डब्यापेक्षा अधिक सावध राहावे ते जुन्या भिंतीबाबत. कितीतरी जुन्या घरांत भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांना ऑइलपेंटचा पट्टा असे, कारण हात लागणार, डाग पडणार, ओल्या फडक्याने पुसावे लागणार, हे बांधणाऱ्यांनी गृहीत धरलेले होते. कल्पना उत्तमच होती, आणि आज आपण केवळ दिसण्यासाठी तो पट्टा घालवून बसलो आहोत. मात्र त्या जुन्या पट्ट्यातच शिसे असण्याची शक्यता अधिक आणि मुलाचा हात जातो तोही तिथेच. असा रंग कोरडा घासला की त्याची बारीक भुकटी घरभर पसरते, जमिनीवर बसते आणि रांगणाऱ्या मुलाच्या हातातून तोंडात जाते. आमच्या रंगाऱ्याला भिंत ओली करून पाण्याच्या पॉलिश पेपरने घासायला सांगितले. त्याला ते वेळखाऊ वाटले, पण त्याने केले. तेवढे दिवस मुलांना घेऊन पत्नी तिच्या माहेरी राहिली आणि काम संपल्यावर झाडू न मारता सगळी जमीन दोनदा ओल्या फडक्याने पुसली. खालच्या साडेतीन फुटांना धुता येईल असा रंग दिला; वर साधाच दिला.

एक प्रसंग सांगण्याचा मोह आवरत नाही. रंगकाम सुरू होण्यापूर्वी दाराच्या मागे, जमिनीपासून दोन फुटांवर, मुलीने खडूने एक माणूस काढला होता. मोठे गोल डोके, दोन डोळे आणि डोक्यातूनच खाली आलेले दोन लांब पाय. चित्र काढू लागलेली मुले साधारण तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान असा बेडकाच्या पिल्लासारखा माणूस काढतात आणि जगभर काढतात. त्यात चुकीचे काही नसते. आम्हाला तो इतका आवडला की, रंगाऱ्याला तेवढा चौकोन सोडायला सांगितले, भोवती लाकडी चौकट ठोकली आणि वर पारदर्शक अॅक्रिलिक बसवले. मुलगी आजोळहून आली, चौकटीसमोर उभी राहिली आणि म्हणाली, ''बाबा, अजून हात काढायचे राहिलेत.'' तिच्या दृष्टीने चित्र पुरे झालेलेच नव्हते आणि आम्ही त्याला काचेआड बंद करून टाकले होते. दुसऱ्या दिवशी चौकट काढली. हात निघाले, ते कानांच्या जागेतून निघाले, आणि आता त्या माणसाशेजारी आणखी दोघे-तिघे उभे आहेत. ती अख्खी भिंत आम्ही तिला देऊन टाकली, बाकीच्या भिंतींवर काढायचे नाही या अटीवर. ही अट धाकट्याला अद्याप मान्य नाही.

आपल्या लेखांतून मुलांच्या खोलीच्या चारही भिंती प्राणी, अक्षरे, ग्रह-तारे यांनी भरून टाकण्याचा सल्ला वारंवार दिला जातो, त्याविषयीही थोडे लिहितो. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी 2014 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बालवर्गातल्या 24 मुलांना काही पाठ भरगच्च सजवलेल्या वर्गात आणि काही मोकळ्या भिंतींच्या वर्गात शिकवले. भरगच्च वर्गात मुलांचे लक्ष अधिक विचलित झाले आणि चाचणीत तिथली बरोबर उत्तरे 42 टक्के आली, तर मोकळ्या वर्गातली 55 टक्के. घर म्हणजे वर्ग नव्हे आणि 24 मुले म्हणजे काही सगळे जग नव्हे, हे मान्य. तरीही झोपण्याच्या खोलीत चहूकडून चित्रे अंगावर येत असतील, तर मूल झोपायला वेळ का लावते, याचा विचार करायला हरकत नाही. खेळण्यांबाबत टोलेडो विद्यापीठातील 2018 सालचा अभ्यासही त्याच दिशेचा आहे: समोर सोळा खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी थोडा वेळ रमली, चारच असताना अधिक वेळ आणि अधिक तऱ्हांनी खेळली. आम्ही खेळण्यांचे तीन भाग करून दोन माळ्यावर ठेवतो आणि दर पंधरवड्याला बदलतो. माळ्यावरून आलेले जुने खेळणे नव्यासारखे स्वागत करून घेते.

मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये लहान मुलांसाठी आपले पहिले 'बालगृह', म्हणजे बालशाळा, सुरू केले, तेव्हा मुलाला स्वतः उचलून नेता येतील इतकी हलकी टेबले आणि खुर्च्या बनवून घेतल्या. हलके सामान पाडले जाईल, या आक्षेपावर त्यांचे उत्तर असे होते की, खुर्ची पडून आवाज झाला म्हणजेच मुलाला आपली हालचाल कुठे चुकली ते कळते. आमच्या घरी एक बुटके स्टूल, मुलांच्या उंचीवर चार खुंट्या आणि दाराशी चपलांसाठी एक खालची फळी, एवढाच बदल केला. पण 'दप्तर उचल, चप्पल जागेवर ठेव' हे दिवसातून वीस वेळा म्हणणे आता पाच-सहा वेळांवर आले आहे. खुंट्या आमच्या उंचीवर होत्या, तोवर ते काम मुलांचे नव्हतेच.

आपल्याला विनंती एवढीच की, गृहसजावटीच्या लेखांत जसे फर्निचरचे माप आणि रंगाची छटा दिली जाते, तसे ते घर किती वयाच्या मुलांसह वापरले जाते, कपाट भिंतीला जखडले आहे का, आणि भिंत पुसता येते का, हेही छापावे. शक्य झाल्यास महिन्यातून एकदा एखाद्या राहत्या घराचे छायाचित्र संध्याकाळी सात वाजता, जमिनीवर बसून काढलेले, प्रसिद्ध करावे. सुरुवातीला कोणी तयार होत नसेल, तर आमच्या घराचे पाठवतो. मात्र त्यासाठी आम्ही घर आवरणार नाही.

आपला,
एक नियमित वाचक