नानांच्या पायाची बोटं विलग करून पाहणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम, सप्रेम नमस्कार.

रोज एवढी गर्दी असते, त्यात आमचे नाना तुमच्या लक्षात राहिले असतील असं नाही. चोपडा तालुक्यातले, केळीला पाणी भरणारे, शुगरचे पेशंट. डावी पोटरी लालभडक, सुजून टणक झालेली, अंगात ताप आणि हुडहुडी.

तुमच्याआधी एका डॉक्टरांनी टेबलापलीकडूनच पाहिलं, 'वयोमानाने होतं' म्हणाले आणि सुई टोचली. दुसऱ्यांनी पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी असेल अशी भीती घालून तपासण्यांचा कागद हातात दिला. गुठळीची शंका घ्यायलाच हवी, हे मलाही कळतं. पण पायाला हातसुद्धा न लावता? तो राग अजून गेलेला नाही.

तुम्ही स्टूल ओढून नानांच्या पायाशी बसलात. टाचांवर शेतातला चिखल वाळलेला होता. नाना ओशाळून पाय मागे घेत म्हणाले, "ऱ्हाऊ द्या ताई, पाय खराब शेतस." तुम्ही काहीच न बोलता ओल्या कापसाने पाय पुसलात आणि एकेक बोट विलग करून पाहिलंत. करंगळीजवळच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून फाटली होती. "चिखल्या आहेत. जंतूंना दार इथं उघडं मिळालं," तुम्ही म्हणालात.

मग सेल्युलायटिस म्हणजे कातडीत आणि तिच्याखाली झालेला जंतुसंसर्ग, हे समजावून सांगितलंत. तो बहुतेक एकाच पायाला होतो, दोन्ही पाय एकदम लाल झाले तर कारण सहसा वेगळं असतं. लालीच्या कडेने पेनाने रेघ ओढलीत. औषध सुरू झाल्यावरही पहिल्या एक-दोन दिवसांत लाली थोडी पुढे सरकू शकते, पण ताप चढला किंवा ग्लानी आली तर थांबू नका, हेही बजावलंत. पाय उशांवर उंच ठेवायचा, गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा, आणि चिखल्यांना मलम लावलंच पाहिजे, नाहीतर दुखणं पुन्हा उलटतं.

औषध कदाचित दुसरीकडेही मिळालं असतं. पण कष्टकरी म्हाताऱ्याचा मळलेला पाय कुठलीही घृणा न दाखवता हातात घेणं, ही माणुसकी आम्हाला त्या दिवशी भेटली. नाना आयुष्यभर दुसऱ्यांसमोर पाय लपवत आले होते.

सूज उतरली, कातडीचे पापुद्रेही निघून गेले. आता नाना गल्लीतल्या प्रत्येक शुगरवाल्याला बोटं फाकवून दाखवायला लावतात. शेजारच्या बापूंना चिखल्या निघाल्यात. सोमवारी त्यांना तुमच्या ओपीडीत घेऊन येतो.

आपला,
नानांचा मुलगा