‘आधी शरीर, मग मन’ हा क्रम चुकीचा

महोदय,

युद्धग्रस्त प्रदेशांतील मुलांसाठी मदतीचे नियोजन होते, तेव्हा लस, पाणी आणि अन्न यांचा विचार आधी होतो आणि मानसिक उपचार हा शांतता प्रस्थापित झाल्यानंतरचा विषय मानला जातो. साधने तुटपुंजी असताना हा क्रम व्यवहार्य वाटतो खरा. परंतु बालरोगतज्ज्ञ या नात्याने मला तो वैद्यकीयदृष्ट्याच चुकीचा वाटतो.

तीव्र कुपोषणाचेच पाहा. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ज्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरतो, ते नुसते भुकेलेले नसते. ते खेळत नाही, हाक मारली तरी वळून पाहत नाही आणि पुष्कळदा समोर आलेले अन्नही नाकारते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या तीव्र कुपोषणावरील उपचारांच्या दहा पायऱ्यांपैकी नववी पायरी खेळ, स्पर्श आणि मायेने बोलणे ही आहे. ती सहानुभूतीपोटी घातलेली नाही, तर औषध आणि आहार यांच्याइतकाच तो उपचाराचा भाग आहे. प्रत्यक्षात मात्र गर्दीने भरलेल्या छावणीत पहिली काट मारली जाते ती या पायरीवर.

मुलापर्यंत पोहोचणारी मदत बहुधा आईच्या हातून पोहोचते, हेही नियोजनात विसरले जाते. घरातील माणूस गमावलेली, रात्र रात्र जागी असलेली आई बाळाला वेळेवर पाजू शकत नाही, त्याचा ताप तिच्या उशिरा ध्यानात येतो. दुसऱ्या महायुद्धात ॲना फ्रॉइड आणि डॉरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषकांनी लंडनमध्ये मुलांसाठी निवासी संगोपनगृहे चालवली, तेव्हा बॉम्बहल्ल्यांपेक्षा आईपासून झालेली ताटातूट मुलांना अधिक खचवते, असे त्यांना आढळले होते. तरीही स्थलांतराच्या धांदलीत मुलांना सुरक्षिततेच्या नावाखाली एकटे पुढे पाठवले जाते, आणि त्यांची नोंद नीट न झाल्याने पुढे आईवडिलांचा शोध घेणेच कठीण होऊन बसते.

मनोविकारतज्ज्ञ कोठून आणायचे, हा आक्षेप मला ठाऊक आहे. संघर्षग्रस्त भागांत दर पाचांपैकी सुमारे एका व्यक्तीला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०१९चा अंदाज आहे. इतके तज्ज्ञ कोणत्याच देशाजवळ नाहीत. पण बहुसंख्य मुलांना तज्ज्ञांची गरजही नसते. ओळखीची माणसे, दिवसाचा ठरावीक क्रम, खेळायला सुरक्षित जागा आणि शक्य तितक्या लवकर सुरू झालेली शाळा यांनी ती सावरतात. उरलेल्यांना हेरून पुढे पाठवणे हे काम प्रशिक्षित परिचारिका किंवा शिक्षिका करू शकते.

यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही; लसीकरणाची यंत्रणा युद्धातही मुलांपर्यंत पोहोचू शकते. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोरमध्ये १९८५ साली गृहयुद्ध चालू असताना सरकार आणि बंडखोर या दोघांनीही लसीकरणासाठी ठरावीक दिवस बंदुका थांबवल्या होत्या. गाझामध्ये पंचवीस वर्षांनंतर पोलिओचा रुग्ण आढळल्यावर सप्टेंबर २०२४मध्ये भागाभागांत तात्पुरता विराम घेऊन पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून अधिक मुलांना डोस दिले गेले. एवढ्या मुलांपर्यंत आणि त्यांच्या आयांपर्यंत आरोग्यसेविका एकदा पोहोचलीच आहे, तर मूल झोपते का, बोलायचे थांबले आहे का, पुन्हा अंथरूण ओले करू लागले आहे का, हे तीन प्रश्न तिने विचारावेत आणि उत्तरे लसीच्या कार्डावरच टिपावीत. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे ३९वे कलम युद्धातील बालकांच्या शारीरिक आणि मानसिक पुनर्वसनाची जबाबदारी एकाच वाक्यात सांगते; निधीचे तक्ते मात्र त्यांची दोन खाती करतात.

शेवटी एक विनंती आपल्यासाठी. आपबीती एकाच बैठकीत खोदून खोदून वदवून घेतल्याने मन मोकळे होते, असा समज आहे. त्याचा उपयोग होत नाही आणि अपायही संभवतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना ती पद्धत वापरू नये असे सांगते. तेव्हा नुकतेच आईवडील गमावलेल्या मुलाला कॅमेऱ्यासमोर सारे पुन्हा सांगायला लावणाऱ्या मुलाखती, तसेच त्याचा चेहरा आणि नाव उघड करणारी छायाचित्रे आपल्या दैनिकाने छापू नयेत, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक बालरोगतज्ज्ञ