माडीवाल्या काकांना, नाताळच्या न्याहारीबद्दल

काका, नमस्कार.

हे पत्र तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवायचं तुमच्या नातवाने कबूल केलंय. तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "पैसे दिलेस ना बाय, मग आभार कसले" म्हणता आणि सायकलला टांग मारता. म्हणून लिहून मानते, आणि चार लोकांसमोर मानते. आमच्याकडचे फुगे खाऊन गेलेल्यांनी आजवर आईच्या हाताचं कौतुक केलं, त्याआधी आजीच्या हाताचं केलं, घरच्या मसाल्याचंही केलं. ते पीठ फुगतं कशानं, हे मात्र कुणी विचारलं नाही. ते फुगतं तुमच्या माडीनं, म्हणजे तुम्ही माडावरून उतरवलेल्या आंबत्या रसानं.

वसईबाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते, तुम्हाला हे सगळं ठाऊकच आहे. आमच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक समाजाच्या घरात नाताळची न्याहारी म्हणजे फुगे आणि सरपोतेल. शहरातले मित्र विचारतात, "सकाळी केक असेल ना?" केक असतो, पण तो दुपारच्या चहाला, आणि खरं सांगायचं तर बेकरीतला. नेवऱ्या, कुलकुल, दोदोल हे नाताळचं गोडधोड आठवडाभर आधीच डब्यात गेलेलं असतं. मध्यरात्रीची मिस्सा आटपून माणसं घरी येतात, तास-दोन तास डोळा लागतो न लागतो, की पहाटे कढई चढते. फुगा म्हणजे मैद्याच्या आंबवलेल्या, हाताला चिकटणाऱ्या सैल पिठाचा तळलेला गोळा. पीठ मुठीत घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीच्या मधून बोराएवढं वर पिळायचं आणि ओल्या बोटाने तोडून तेलात सोडायचं. तेलात गेला की तो टम्म फुगतो आणि चांगला जमला असेल तर स्वतःच कूस बदलतो. आत पोकळ, बाहेरून तांबूस, चवीला किंचित गोड. तो फोडून सरपोतेलाच्या रश्श्यात बुडवायचा. लहान मुलं नुसताच खातात आणि दहाव्यानंतर कुणी मोजत नाही.

सरपोतेल 22 तारखेलाच शिजलेलं असतं. डुकराचं मांस आणि काळीज बारीक चिरून, बाटली मसाला आणि विनेगर घालून शिजवायचं आणि मग रोज एक उकळी द्यायची. तिसऱ्या दिवशी ते खायच्या लायकीचं होतं, असं आजी म्हणायची. पहिल्याच दिवशी चमचा घालणाऱ्याला ती पातेल्याजवळ उभं करत नसे. मसाला उन्हाळ्यातला. वीसहून जास्त जिन्नस भाजून, कुटून, बिअरच्या तपकिरी बाटल्यांत ठासून भरलेला, म्हणजे त्याला उजेड लागत नाही.

1534 मध्ये गुजरातच्या सुलतानाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत आमच्या चुलीवर बऱ्याच गोष्टी आल्या. पोर्तुगीजांना पाव हवा होता, पण आंबवायला त्यांच्या सवयीचं काही इथे नव्हतं. मांस मुरवायला द्राक्षाच्या दारूचं विनेगरही नव्हतं. दोन्ही ठिकाणी माडीने काम भागवलं. ताजी माडी पिठात जाते, आणि तीच मडक्यात महिनाभर राहिली की विनेगर होऊन मांसात जाते. म्हणजे काका, आमच्या नाताळच्या ताटात फुगा तुमच्या झाडावरचा आणि रश्श्याचा आंबटपणाही तुमच्याच झाडावरचा. मसाला तेवढा आमचा.

आता मूळ गोष्टीकडे येते.

आई गेली ती पावसाळ्यात. डिसेंबर लागला तशी घरात कुजबुज सुरू झाली. बाबा काही बोलत नव्हते. बहिणीने दुबईहून फोनवर विचारलं, "यंदा फुगे विकत आणायचे का?" हल्ली ऑर्डर घेणाऱ्या बायका आहेत, चांगले करतात, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण आईची वही घरात होती, मला वाटलं बघू या. वहीत लिहिलं होतं: मैदा 1 किलो, अंडी 4, एका नारळाचं दूध, साखर, मीठ, माडी. माडीपुढे आकडा नव्हता. तिथे फक्त लिहिलं होतं, "काकांना सांगणे."

मी कुंपणाशी येऊन तुम्हाला तेच विचारलं, काय सांगायचं म्हणून. तुम्ही सायकल झाडाला टेकवलीत आणि जे सांगायला लागलात ते मला आईनेही कधी सांगितलं नव्हतं. माझी आई माडी कुठल्या वेळची घ्यायची, हे तुम्हाला माहीत होतं. सकाळी उतरवलेली तिला पिठासाठी चालत नसे, कारण रात्रीपर्यंत ती दिवसभर फसफसून आंबट होते. तिला 24 तारखेच्या संध्याकाळची लागायची. पोयीतून, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्यातून, मडक्यात ठिबकायला लागल्यापासूनच रस आंबू लागतो. हवेतलं, मडक्यातलं, मधमाश्यांच्या पायांवरचं खमीर त्यात आधीच पोचलेलं असतं. नीरा, म्हणजे न आंबलेला रस, हवी असेल तर मडक्याला आतून चुना लावतात, त्यानं आंबणं थांबतं. म्हणून आईचा दरवर्षीचा निरोप असायचा, "बिनचुन्याच्या मडक्यातली." हा निरोप मी लहानपणापासून ऐकत होते. त्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला.

मग तुम्ही म्हणालात, "कपभर आधी आणून देतो, बघ जिवंत आहे का." कपात चमचाभर मैदा आणि चिमूटभर साखर घालायची, वर माडी ओतायची आणि उबेला ठेवायचं. तासाभरात फेस वर आला तर चांगली. नाही आला तर कुणीतरी त्यात पाणी आणि साखर घातलेली आहे, असली माडी पिणाऱ्याला फसवेल, पिठाला फसवता येत नाही. हे वाक्य तुमचं आहे काका, मी ते बऱ्याच जणांना ऐकवून भाव खाल्लाय.

24 ला तुम्ही दिवेलागणीला आलात. माडी मलमलीच्या फडक्यातून गाळून घ्यायला लावलीत, मुंग्या आणि एक मधमाशी निघाली. नारळाचं दूध बोटाला सोसेल इतकंच कोमट हवं, जास्त तापलं तर सगळं मरतं, हे तुम्ही दारातून सांगत होतात, आणि बाबा आतून "बरोबर, बरोबर" म्हणत होते, जसं काही त्यांनी कधी पीठ भिजवलं होतं. वसईची थंडी ती काय, पण डिसेंबरच्या रात्री आंबवण मंदावतं तेवढी असतेच. आई पातेलं कशात गुंडाळायची ते मला आठवत नव्हतं. तुम्हाला आठवत होतं, कारण ती एकदा तुमच्याशी त्याच गोधडीवरून बोलली होती, माडीचे डाग पडतात म्हणून. आम्ही मिस्सेला गेलो, पीठ गोधडीत राहिलं. परत आलो तेव्हा झाकण वर उचललं गेलं होतं.

फुगे कसे झाले हे तुम्ही विचारलं नाहीत, मीच सांगते. निम्मे गोल, निम्म्यांना शेपट्या. पिळायची सवय मुठीला लागायला वेळ लागतो. चव मात्र तीच होती. बाबांनी पहिला फोडला, सरपोतेलात बुडवला आणि म्हणाले, "मीठ थोडं कमी." आईच्या फुग्यांनाही ते दरवर्षी हेच म्हणायचे, त्यामुळे बहिणीने फोनच्या पडद्यावर डोळे पुसले आणि मी हसत सुटले.

इथे एक वाद मिटवून टाकते. यीस्ट घालून केलेले फुगे खरे नाहीत, असं म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. पाकिटातलं यीस्ट भरवशाचं आहे, वेळ कमी लागतो, आणि टोरांटोच्या गोठवणाऱ्या थंडीत बसलेल्या माझ्या मावसबहिणीने माड कुठून आणायचा? तिचे फुगे माझ्यापेक्षा गोल होतात. फरक एवढाच की माडीच्या फुग्याला मागून एक हलका आंबूस वास येतो, आणि तो एकदा नाकात बसला की त्याशिवाय चुकल्यासारखं होतं. तेवढ्यासाठी मी तुम्हाला त्रास देते. धर्म बुडतो म्हणून नव्हे.

त्रास म्हणजे काय, हे तरी इथे लिहायला हवं. रोज सकाळ-संध्याकाळ माडावर चढायचं, खोडाला पाडलेल्या खाचांत पाय देत. पोय उमलू द्यायची नाही, बांधून ठेवायची, हलक्या हाताने ठोकायची, तिच्या टोकाची चकती कोयत्याने रोज कापायची, मडकं बदलायचं. नाताळ असो, दिवाळी असो, एक दिवस चुकला तर धार आटते. ज्या पोयीची माडी काढली तिला नारळ धरत नाहीत, म्हणजे झाडाच्या मालकाला त्याचा मोबदला द्यायचा. वर सरकारचा परवाना, बुंध्यावर नंबर. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. तेव्हापासून तुमचं काम कायम कुणाच्या तरी शिक्क्याच्या आधाराने चालतं. आणि एवढं करून लोक माडीवाला म्हटलं की पिणाऱ्यांचीच आठवण काढतात. पाव, फुगे, विनेगर यांची नाही. याचा मला राग येतो. तुम्हाला येत नाही, तुम्ही खांदे उडवता.

आमच्या आळीत माड कमी झालेत. इथली झाडं आणि पाणी वाचवायला लेखक-धर्मगुरू फादर दिब्रिटोंच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा आई मोर्च्याला गेली होती. मला त्यातलं कळत नव्हतं, मला वाटायचं हे सगळं पाण्यासाठी आणि केळीच्या बागांसाठी आहे. त्यात आमच्या न्याहारीचाही वाटा होता म्हणायचा. तुमचा मुलगा चढत नाही, नातू तर नाहीच, आणि त्यांनी चढावं असं म्हणायचा मला काही अधिकार नाही. मी स्वतः स्टूलवर चढताना भिंत धरते.

तुम्ही मला त्या वर्षी नुसती माडी दिली नाहीत. ज्या गोष्टी आईने वहीत लिहिल्या नाहीत, कारण त्या तुम्हाला माहीत आहेत हे तिला ठाऊक होतं, त्या तुम्ही इतकी वर्षं सांभाळून मला परत केल्यात. मनापासून आभार, काका. यावर "पैसे दिलेस ना" म्हणू नका. नातवाला सांगून ठेवलंय, म्हणालात तर त्याने मला कळवायचं.

वहीत मी आता माडीपुढे आकडा लिहिलाय. "काकांना सांगणे" खोडलेलं नाही.

आता यंदाचं. बहीण मुलांना घेऊन येतेय, बाबांचे दोन जुने मित्रही न्याहारीला आहेत, तेव्हा दोन किलोचं पीठ भिजवणार. नेहमीपेक्षा एक बाटली जास्त लागेल, संध्याकाळचीच, बिनचुन्याची. विनेगरसाठीची मे महिन्यात घेईन, गेल्या वेळचं अजून अर्धी बरणी आहे. ताट दरवर्षी तुमच्या घरी पोचतं, पण तोवर फुगे गार झालेले असतात, आणि गार फुगा म्हणजे नुसता पाव. पहाटे तुम्ही झाडावर असता हे कळतं मला. उतरल्यावर मडकी घेऊन तसेच इकडे या. साडेनऊपर्यंत कढई खाली उतरवत नाही. काकूंनाही आणा; त्या सरपोतेल खात नाहीत, त्यांच्यासाठी बटाट्याची भाजी वेगळी करतेय.

तुमची,
कुंपणापलीकडची बाय