नदी उथळ होती म्हणून

न्यूकॅसल, रविवार रात्र

प्रिय मित्रा,

आज वायलमला, म्हणजे ‘रेल्वेचा जनक’ म्हणतात त्या जॉर्ज स्टीफन्सनच्या जन्मगावी, जाऊन आलो आणि दिवसभर तुझे आबा डोळ्यांसमोर होते. कल्याणच्या रेल्वे शेडला फायरमन म्हणून, इंजिनात कोळसा टाकायला लागलेला माणूस. ते सोबत असायला हवे होते रे.

गाव न्यूकॅसलच्या पश्चिमेला दहाएक मैलांवर, टाईन नदीच्या काठी. उत्तर टाईन आणि दक्षिण टाईन हेक्सॅमजवळ एक होतात आणि तेच पाणी इथून पूर्वेला समुद्राकडे जातं. आज सगळं शांत, हिरवंगार. पण इथे कोळशाच्या खाणी होत्या, आणि नदी इथे उथळ. कोळसा वाहणाऱ्या ‘कील’ होड्या खालच्या लेमिंग्टनपर्यंतच येत. मग खाणीपासून तिथवरचे पाच मैल काय करायचं? १७४८च्या सुमारास नदीकाठाने लाकडी रूळ टाकले आणि कोळशाच्या वाघिणींना घोडे जुंपले. नदी खोल असती तर हे रूळ पडलेच नसते, हे मला काठावर उभं राहिल्यावर कळलं.

पुढे नेपोलियनच्या लढायांत घोडे आणि चारा दोन्ही महागलं. खाणमालक ब्लॅकेटने वाफेचा ध्यास घेतला. अडचण अशी की गुळगुळीत लोखंडी चाक गुळगुळीत रुळावर जागच्या जागीच फिरेल, अशी तेव्हा पुष्कळांना भीती. तिथला व्यवस्थापक विल्यम हेडली याने वाद घालत न बसता एक गाडी बनवली, तिच्यावर माणसं चढवली, हाताने दांडे फिरवायला लावले, वजन कमीजास्त करून पाहिलं. चाक धरून चाललं! त्यातूनच १८१३-१४मध्ये ‘पफिंग बिली’ नावाची वाफेची गाडी उभी राहिली. बिडाचे रूळ तिच्या भाराने तुटायला लागले, तर भार वाटला जावा म्हणून तिला चाराची आठ चाकं केली. आज जगात शिल्लक असलेलं सर्वांत जुनं वाफेचं रेल्वे इंजिन तेच, लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. सगळं श्रेय स्टीफन्सनला जातं आणि हेडलीचं नाव कुणी घेत नाही, हे मला मनापासून खटकतं.

जॉर्ज स्टीफन्सनही इथलाच. ९ जून १७८१चा जन्म. त्याचं घर बाहेरून पाहिलं: दगडी भिंती, लाल कौलं. चार कुटुंबं राहायची त्यात, प्रत्येकाला एकेक खोली. बाप खाणीतलं पाणी उपसणाऱ्या इंजिनावर फायरमन, म्हणजे आबांच्याच जातकुळीचा! पोराला अठराव्या वर्षापर्यंत लिहितावाचता येत नव्हतं. आणि दारासमोरूनच त्या वाघिणी जायच्या. लहानपणापासून कानावर तोच खडखडाट.

त्याचा मुलगा रॉबर्ट, आणि रॉबर्टच्या हाताखाली तयार झालेला जेम्स बर्कली. हाच बर्कली जीआयपीचा, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुख्य इंजिनिअर होऊन मुंबईला आला. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला गाडी गेली ती त्याच्याच हाताखाली, आणि बोरघाटाची आखणीही त्याचीच. आबा घाटाच्या चढणीबद्दल बोलायला लागले की जेवण गार व्हायचं, आठवतं?

गावाचं स्टेशन १८३५चं, अजून चालू आहे. मी तिथेच उतरलो. घरासमोरचे रूळ मात्र उखडलेत, तिथे आता पायवाट आहे. फोटो पाठवतोय. आबांना चष्मा लावून दाखव आणि सांग, उंबऱ्यासमोर जी सरळ, सपाट वाट दिसते ना, तीच ती.

तुझाच