झुलूत लिहिलेले पुस्तक विकत कोण घेणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांचा विषय निघाला की त्यांनी तिथल्या तुरुंगात शौचालयाच्या कागदावर गिकुयू या आपल्या मातृभाषेत लिहिलेल्या कादंबरीची गोष्ट हमखास सांगितली जाते. ती खरीच आहे. पण ती वारंवार ऐकून असे वाटू लागते, की आफ्रिकी भाषेत लिहू पाहणाऱ्या तरुणाला हिंमत असली की पुरे. निदान दक्षिण आफ्रिकेत तरी त्याची अडचण याहून फार रुक्ष आहे. त्याच्या पुस्तकाला मोठे गिऱ्हाईक एकच, शाळा.

२०२२ च्या जनगणनेत २४.४ टक्के लोकांनी घरची मुख्य भाषा झुलू सांगितली, १६.३ टक्के लोकांनी खोसा आणि ८.७ टक्के लोकांनी इंग्रजी. पुस्तकांच्या दुकानात चित्र उलटे, तिथे इंग्रजी आणि आफ्रिकान्स (डचमधून घडलेली तिथली भाषा). झुलू-खोसातली पुस्तके निघतात ती बहुतेक शाळांच्या यादीवर डोळा ठेवून. याचे मूळ वर्णभेदाच्या राजवटीत आहे. १९५३ च्या बांटू (म्हणजे कृष्णवर्णीयांच्या) शिक्षण कायद्यानंतर शाळेत काय लागायचे हे सरकारी भाषा मंडळे ठरवू लागली, आणि राजकारणाला हात न लावणारी बोधपर कथानके तेवढी सुखाने छापली गेली. मंडळे गेली, पण प्रकाशकाचा हिशेब बदलला नाही. पुस्तक यादीत लागले तर गठ्ठ्याने खप, नाही लागले तर गोदाम. शहरी वस्त्यांतली सरमिसळ झुलू जशीच्या तशी लिहिणाऱ्या नवोदिताला ‘भाषा जरा शुद्ध करा’ असे सांगितले जाते, त्यामागेही हाच हिशेब असतो. पुस्तकावर १५ टक्के मूल्यवर्धित कर आहे, तो वेगळाच. आपल्याकडे छापील पुस्तकावर जीएसटी नाही, याची इथे आठवण होते.

म्हणून विशीतल्या लेखकाने आरंभीच कादंबरीच्या मागे लागू नये, असे आमचे मत आहे. लहान मुलांच्या छोट्या गोष्टींची गरज प्रचंड आहे. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय वाचन चाचणीत तिथल्या चौथीतल्या ८१ टक्के मुलांना कोणत्याही भाषेत अर्थ समजून वाचता आले नाही. तिथे जोहान्सबर्गच्या साइड या संस्थेचा ‘आफ्रिकन स्टोरीबुक’ हा उपक्रम उपयोगी पडतो. कोणीही गोष्ट लिहावी, भाषांतरित करावी, छापावी. परवाना खुला आहे. यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्याकडच्या प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरही येतात, त्यामुळे खोसातली गोष्ट मराठीत यायला मध्ये कोणाची परवानगी लागत नाही. पैसे मिळत नाहीत हे मात्र स्पष्ट माहीत असावे. इथे वाचक मिळतो आणि हात बसतो.

हात बसायला वेळ लागतो, कारण नियम इंग्रजीच्या मापाने बेतलेले असतात. या उपक्रमात पहिल्या, म्हणजे सर्वांत सोप्या पातळीच्या गोष्टीत पानावर साधारण ११ शब्दांपर्यंत मजकूर चालतो. झुलूत कर्ता, कर्म आणि क्रिया एकाच शब्दात चिकटतात: ‘न्गियाकुथांडा’, म्हणजे मी तुझ्यावर प्रेम करतो. तिथल्याच सेसोथो भाषेत हेच सुटे लिहितात, ‘के आ ओ राता’, चार शब्द. म्हणजे झुलूतले ११ शब्द हा सहा वर्षांच्या मुलासाठी अख्खा परिच्छेद झाला. शब्द मोजू नयेत, वाक्ये मोजावीत. पानावर एक वाक्य, त्यात एक क्रिया. हीच गफलत कथास्पर्धांतल्या शब्दमर्यादेत होते; तिथे झुलूवाल्याला लांब आणि सेसोथोवाल्याला आखूड कथा लिहावी लागते.

पानाची मांडणीही बिघडते. इंग्रजी गोष्टीसाठी आखलेल्या चौकटीत लांबलचक झुलू शब्द मावत नाही आणि संगणक तो वाटेल तिथे तोडतो. झुलूतली अक्षरे स्वरान्त असतात, म्हणून शब्द तोडायचाच तर स्वरानंतर तोडावा. दोन्ही कडा सरळ करण्याचा हट्ट सोडावा, नाहीतर ओळीत भगदाडे पडतात. वेंडा भाषेत ड, ल, न, ट या ध्वनींच्या काही अक्षरांखाली छोटे चिन्ह असते. फाँटमध्ये ते नसले की छापखाना साधे अक्षर टाकून मोकळा होतो आणि शब्दच बदलतो. श्रीलिपीच्या जुन्या फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना आपल्या ‘ऱ्या’चे जे हाल होतात, तसाच हा प्रकार. अंतिम पीडीएफ छापखान्यात जाण्याआधी लेखकाने स्वतः वाचावी, फक्त वर्डची फाइल तपासून भागत नाही. सेसोथोत आणखी एक पेच आहे. शेजारच्या लेसोथो देशाचे शुद्धलेखन वेगळे, दक्षिण आफ्रिकेचे वेगळे. कोणत्या मुलांसाठी लिहितो आहोत हे पहिल्या ओळीआधीच ठरवावे.

आधी इंग्रजीत लिहून मग भाषांतर करण्याची खोड सर्वांत घातक. व्याकरण बरोबर येते, पण आजीच्या तोंडी शाळेतल्या बाईंची भाषा येते. मोठ्याने वाचून दाखवले की लगेच कळते. रेडिओसाठी लिहिण्याचा फायदा इथेच होतो. सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या उखोझी एफएम (झुलू), उम्लोबो वेनेने (खोसा), लेसेदी (सेसोथो) या केंद्रांवर नाटकांची जुनी परंपरा आहे आणि ऐकणारे पुस्तक घेणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे प्रकाशकाशी करार करताना नभोवाणी आणि भाषांतराचे हक्क स्वतःकडे ठेवावेत. मानधन छापील किमतीवर की प्रकाशकाच्या हाती पडणाऱ्या रकमेवर, हेही विचारावे. समजा पुस्तक १०० रँडचे आणि दुकानाची सूट ४० टक्के, तर दहा टक्के म्हणजे १० नव्हे, ६ रँड.

२०२५ पासून तिथे चौथीतही गणित आणि विज्ञान मातृभाषेच्या आधाराने शिकवायला सुरुवात झाली आहे. तेव्हा तरुणांनी कथेबरोबर माहितीपर लेखनाकडेही वळावे. तिथे स्पर्धा कमी आहे.

शेवटी आपल्याला एक विनंती. तिथल्या ‘नलीबाली’ या बालवाचन उपक्रमाने २०१२ पासून वृत्तपत्रांतून द्विभाषिक पुरवणी दिली, तिच्यातली गोष्ट कापून, घडी घालून छोटे पुस्तक होते. आपल्या बालपुरवणीत महिन्यातून एकदा कोरकू किंवा भिलीतली गोष्ट मराठीसह अशी देता येईल. ए-३ आकाराचा कागद दोनदा दुमडला की आठ पाने होतात. एका बाजूला ८, १, ४, ५ आणि दुसऱ्या बाजूला २, ७, ६, ३ ही पाने येतात. घडीच्या वरची जोडी उलटी छापायची. मागची बाजू जाहिरातीला मात्र देऊ नये, चार पाने जातात.

आपले,
दोन बालपुस्तक-संपादक, पुणे