बूरिन म्हणजे नुसतं डुक्कर नाही

संपादक, स.न.वि.वि.

मुलींच्या जपानी सुपरहिरोंवरचा रविवारचा लेख काल वाचला आणि तो डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. सेलर मूनला पाऊण पान, आणि बूरिन या कार्टून मालिकेला एक ओळ, ती पण काय तर "डुकरावरचा पोरकट विनोद". लेखकानं एक तरी भाग बघितलाय का? आणि नाव 'टोंडे बुरीन' नाही हो, 'तोंदे बूरिन', तोंदे म्हणजे उडत, आणि जपानी डुक्कर बू बू करतं त्यावरून बूरिन. दूरदर्शनवरचा आपला मोगली ज्या निप्पॉन ॲनिमेशननं केला त्यांचीच ही मालिका, १९९४-९५ ची, ५१ भाग, मूळ मांगा (जपानी चित्रकथा) ताएको इकेदांची, चाओ या मुलींच्या मासिकातली. नोकरीसाठी जपानला होते तेव्हा ती पुस्तकं मी जुन्या बाजारातून घेतली, कांजीच्या (चिनी चित्राक्षरांच्या) बाजूला उच्चार सांगणारी छोटी हिरागाना अक्षरं असतात त्यामुळे माझं वाचन त्यावरच सुधारलं.

मालिकेतल्या करिन या मुलीला व्हायचंय सुंदर सुपरहिरोईन, आणि तोनरारियानो नावाचं डुकराचं पिल्लू तिला जादूचं कॉम्पॅक्ट (आरशाची डबी) देतं त्यातून ती होते गुलाबी डुकरीण. चांगलं काम केलं की एक मोती, असे १०८ जमले की मग सुंदर रूप, आपल्या जपमाळेत मणी असतात तेवढेच. हसू येतं ते तिच्या वैतागाचं. कोणी अडचणीत दिसलं की ती त्याच नको असलेल्या रूपात धावत जाते, हे पोरकट कसं?

माझी मुलगी तिसरीत आहे, अंगानं भरलेली, वर्गात तिला चिडवतात. गेल्या गणपतीत सोसायटीच्या फॅन्सी ड्रेसला तिनं स्वतःहून बूरिन निवडली. दोन रात्री बसून आम्ही कार्डशीटचे कान केले, कागदी कपाला गुलाबी रंग देऊन नाक केलं, आणि स्टेजच्या पायरीवर एका काकूंनी अडवलं, अगं गणपतीपुढे डुक्कर काय, हिला परी कर. नाव पुकारलंच नाही. वराह हा विष्णूचा अवतार आहे, दरवर्षी चित्रात आपण त्याला हात जोडतो, आणि त्याच स्टेजवर उंदीर झालेल्या मुलाला टाळ्या पडल्या. पोरगी नाक हातात धरून शेवटपर्यंत खुर्चीत बसून होती. घरी येऊन विचारलं, आई, मी जाडी आहे म्हणून का?

आता ती पेपर मोठ्यानं वाचायला शिकलीय. रविवारी तिनंच ती ओळ वाचली आणि माझ्याकडे बघितलं. मला लगेच काही बोलता आलं नाही.

लेखकांना विनंती आहे, निदान पहिला भाग बघा आणि पुन्हा लिहा, चार ओळी लिहिल्यात तरी चालतील. आणि आता लिहितेच आहे तर, शनिवारचं मुलांचं पान बंद करून तिथे क्लासच्या जाहिराती का टाकल्यात? आमच्या घरी त्या पानासाठी भांडणं व्हायची. ते परत सुरू करा.

आपली,
पुण्याची एक वाचक