मामा, त्या दुनळीबद्दल थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं

मामा, नमस्कार. म्हणजे तुम्ही माझ्या मित्राचे मामा, पण आता माझेही झालातच. त्या दिवशी परतताना गाडीत मी गप्प होतो ते कंटाळून नाही, डोक्यात ती बंदूकच फिरत होती, म्हणून हे जाहीरपणे लिहितोय.

लिलावाआधी बघायला ठेवलेली महाराजा दुलीपसिंगांची (पंजाबचे शेवटचे शीख महाराजा, ज्यांच्याकडून इंग्रजांनी कोहिनूर घेतला ते) पर्डी, म्हणजे लंडनच्या पर्डी कंपनीची बंदूक आहे एवढं ऐकून मी आलो होतो आणि खरं सांगायचं तर किंमत किती येणार आणि कोहिनूर, याच्यापलीकडे माझं डोकं चालत नव्हतं. लाकडी दस्त्यावरचं त्यांचं नाव बघून मी लगेच फोटो काढायला लागलो तर तुम्ही म्हणालात, नाव काय कोणीही कोरून घेईल रे, आधी नंबर बघ. मग ट्रिगर गार्डच्या पट्टीवरचा नंबर, तो पर्डीच्या जुन्या वह्यांत पहिल्या गिऱ्हाइकाच्या नावाशी कसा जुळवतात ते, नळ्यांच्या मधे कोरलेला ३१४½ ऑक्सफर्ड स्ट्रीटचा पत्ता, म्हणजे १८८० च्या दशकात पर्डीचं दुकान तिथून हललं त्याच्या आधीची ही बंदूक, हे सगळं तुम्ही दाखवलंत. दमास्कस नळ्यांवरची ती पाण्यासारखी नक्षी मी पेंट समजलो होतो! लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून नळी करायची, हे तुम्ही पंचाच्या टोकाला पीळ घालून दाखवलंत (इंग्लंडात पंचा घेऊन फिरणारे तुम्ही एकटेच असाल). आणि मी रिकाम्या बंदुकीचा घोडा पाडणार तेवढ्यात तुम्ही हात धरलात, त्याबद्दल तर डबल थँक्यू.

पण खरी गोष्ट दस्त्याची. मी बंदूक खांद्याला लावली, गालाला काही केल्या बसेना, तुम्ही हसलात. म्हणालात, तुझ्यासाठी केलेलीच नाही ती, शिंपी कोटाचं माप घेतो तसं दस्त्याची लांबी, बाक, बाजूचा कल सगळं त्या माणसाच्या मापाचं. माझ्या अंगावर काटा आला. दहा वर्षांचा असताना पंजाब गेला, आई तोडली, पुढे इंग्लंडातली एल्वेडनची जहागीर घेऊन इंग्रज साहेबांच्या बरोबरीनं शिकार करणारा, १८७६ त एका दिवसात साडेसातशेच्या वर तितर पाडणारा माणूस, त्याचा खांदा इथे लाकडात राहिलाय. एवढे पक्षी मारण्यात कौतुक काय हे मला अजूनही कळत नाही, तिथे आपलं जमणार नाही मामा.

आणि मग तुम्ही चहा पिता पिता सहज विचारलंत, तू पंचवटीचा ना, मग दुलीपसिंगांच्या आईला, जिंदन राणीला अग्नी कुठे दिला ते माहीत असेल. मला काहीच माहीत नव्हतं. १८६१ ला कलकत्त्यात आईची भेट, १८६३ मध्ये ती लंडनला वारली, त्याच वर्षी एल्वेडन घेतलं, आणि १८६४ त तिचं पार्थिव घेऊन तो मुंबईला आला, पंजाबात न्यायला इंग्रजांनी परवानगी दिली नाही म्हणून नाशिकला, गोदावरीवर. तिथे समाधी बांधली, परत जाताना इजिप्तमध्ये लग्न केलं. १९२४ मध्ये नातीनं, बंबानं, अस्थी लाहोरला नेल्या. हे सगळं मी इंग्लंडात, तुमच्याकडून ऐकतोय, आणि लहानपणी रोज संध्याकाळी मी त्याच गोदावरीच्या घाटावर भेळ खायचो.

आईला फोन केलाय. ती म्हणाली गंगेवर (आम्ही नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो) जाऊन जुन्या गुरुजींना विचारते, समाधी नेमकी कुठे होती ते. कळलं की तुम्हाला लगेच कळवतो. आणि हो, तुमचं ते छोटं भिंग माझ्या जॅकेटच्या खिशात आलंय, दिवाळीला चिवड्यासोबत आणून देतो.